किलोमीटर अकरा

साधनाला पान लागलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. वार गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवतात, म्हणून वार पक्का लक्षात आहे.

साधना माझी सून. घराला लागून जे खाचर आहे त्यातलं भात आम्ही आदल्या दिवशी कापून तिथंच वाळत पसरलं होतं. ते गोळा करणं चाललं होतं. मी आणि माझी बायको लीलाबाई पेंढ्या बांधत होतो आणि साधना वाकून भात ओढत पुढे सरकत होती. कुकरची वाफ सुटावी तसा आवाज झाला. पाठोपाठ साधना सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मला चावलं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी एवढा घाबरलो नसतो.

त्याचं नाव आम्ही शेतात घेत नाही. पान लागलं म्हणतो. पण मी पाहिली ती घोणस होती, माझ्या मनगटाएवढी जाड, पाठीवर साखळीसारखे ठिपके. बांधाच्या कडेनं ती सावकाश निघून गेली, काही घडलंच नाही अशी. साधनाच्या घोट्याच्या वर रक्ताचे दोन थेंब होते.

"वर बांधा! आधी वर बांधा!" लीलाबाई पदर फाडायला लागली.

"आजी, बांधू नका," जुईली धावत येत म्हणाली. जुईली आमची भाडेकरू, लातूरकडची. नवराबायको दोघं आमच्या मागच्या खोलीत राहतात. ती घरात बसूनच कंपनीचं काम करते. त्या दिवशी लाईट नव्हती म्हणून अंगणात होती. "बांधू नका, कापू नका. पाय फक्त हलू द्यायचा नाही. त्यांना चालवू नका."

मी बाज आणली. तिघांनी साधनाला बाजेवर घालून अंगणात आणलं. ती म्हणत होती, "मी चालते की. एवढं काय झालं न्हाई." आणि दातावर दात दाबत होती.

वाडीत चारचाकी एकच, विलासची पिकअप. ती सकाळीच भात घेऊन घोटावड्याच्या गिरणीवर गेलेली. माझा मुलगा कैलास पिरंगुटला कंपनीत, मोटारसायकल त्याच्याकडे. जुईलीचा नवरा स्कूटर घेऊन हिंजवडीला. म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलावणं आलं.

आमचं घर रस्त्यापासून दोनशे पावलं खाली आहे. घरात फोनला रेंज नसते. जुईलीनं बसवलेल्या इंटरनेटच्या डब्यावर घरातून फोन लागतो, पण तो लाईटवर चालतो. मी माझा बटणांचा फोन घेऊन रस्त्याकडे निघालो.

"आबा, मी येऊ का वर?" जुईलीनं विचारलं. "माझ्या फोनवरून लोकेशन पाठवता येईल."

"तू तिच्यापाशी बस. तिला तूच सांभाळशील. ठिकाण मी सांगतो. ह्या रस्त्यावरचं ठिकाण मला सांगता येत न्हाई व्हय?"

ते मी उगाच बोललो नव्हतो. हा राज्यमार्ग अवघा सतरा किलोमीटरचा. पौड रस्त्यावरच्या फाट्यावर सुटतो, नदीचा पूल ओलांडतो, घोटावडे मागे टाकतो, मग काही अंतर कारखान्यांच्या भिंती आणि भाताची खाचरं एकमेकांना चिकटून चालतात. पुढे लेंडी ओढ्याची मोरी, मग चढ, मग खिंड. खिंडीच्या पलीकडे आमची खडकवाडी. तिथून आणखी सहा किलोमीटर गेलं की तो दुसऱ्या रस्त्याला मिळतो आणि संपतो. बांधकाम खात्यात मी तीस वर्षं मैलमजूर होतो. मैलमजूर म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याची निगा राखणारा माणूस. माझा तुकडा सहा ते सतरा. पावसाळ्यात मोऱ्यांत अडकलेला पाला काढायचा, गटारं मोकळी करायची, खड्डे बुजवायचे, दिवाळीनंतर किलोमीटरच्या दगडांना पांढरा रंग आणि डोक्यावर हिरवा. राज्यमार्गाच्या दगडाचं डोकं हिरवं असतं.

त्या दगडांवरच मी आकडे शिकलो. चाळिशीपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. आमचे मुकादम दादासाहेब एकदा वैतागून म्हणाले, "वाल्मीक, दगड तू धुतोस आणि आकडा मी काढायचा? शीक की लेका." आधी आकडे शिकलो, मग वाडीच्या शाळेत प्रौढांचा वर्ग निघाला तिथं अक्षरं. खडकवाडीसमोरचा अकराचा दगड मी किती वर्षं रंगवला त्याची मोजदाद नाही. तालुक्यात खडकवाड्या तीन-चार आहेत आणि गॅसवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे चुकतात, म्हणून वाडीतली माणसं पत्ता सांगताना माझंच ऐकून सांगतात: किलोमीटर अकरा.

लीलाबाई माझ्या मागोमाग रस्त्यावर आली होती. फोन लागला. पलीकडे एक मुलगी होती.

"पेशंटला काय झालंय?"

"पान लागलंय."

"काय?"

"सर्प चावलाय. घोणस. माझ्या सुनंला."

"ठिकाण सांगा."

"खडकवाडी."

"कुठली खडकवाडी? मला इथं तीन दिसतायत."

"खिंडीच्या पल्याडची म्हना," लीलाबाई माझी बाही ओढत म्हणाली. "खिंड सांगा. खिंड सगळ्यास्नी ठावं हाय."

मी तिला हातानं गप्प केलं.

"हे बघा ताई, लिहून घ्या," मी म्हणालो. "घोटावडे फाट्यावरनं आत येनारा राज्यमार्ग. किलोमीटर अकरा. हिरव्या डोक्याचा दगड हाय. दगडाला लागून डाव्या हाताला वाट खाली उतरती. ती धरायची, खाली घर."

"हे बरं झालं," ती म्हणाली. "इतकं नेमकं कोणी सांगत नाही. गाडी निघतेय. अर्ध्या तासात पोचेल. त्यांना चालू देऊ नका, धीर द्या."

फोन ठेवला तेव्हा अकराला दहा कमी होते. लीलाबाईला मी खाली पाठवलं आणि स्वतः दगडापाशी उभा राहिलो, गाडी दिसताच हात करायला.

अर्धा तास मी शांत होतो. मनात हिशेब बरोबर बसत होता. आता फाटा. आता पूल. आता घोटावड्यात शाळेपाशी गर्दी लागली असेल. आता मोरी. खिंडीतला चढ कुठल्या गाडीनं घेतला ते मला आवाजावरून कळतं. भरलेला डंपर शेवटच्या वळणावर कण्हतो. मोटार आली तर तिचा आवाज खिंडीत शिरल्यावर एकदम मोठा होतो. मी कान तिकडे लावून होतो. एक डंपर आला. मग पाण्याचा टँकर. मग चार मोटारसायकली. मग बराच वेळ काहीच नाही.

खालून जुईलीनं हाक मारली, "आबा, आली का?"

"येतीया!"

"सूज पोटरीपर्यंत आलीय."

सव्वाअकरा. साडेअकरा. मी परत फोन लावला. लागला नाही. रेंजच गेली होती. लाईट गेली की टॉवरची बॅटरी तास-दीड तास टिकते, मग रस्त्यावरही फोन बंद पडतो. गुरुवारी हे नेहमीचं आहे. नेहमी त्यानं कोणाचं काही बिघडत नाही.

"आबा!" जुईलीचा आवाज आता चिरका झाला होता. "त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय!"

 मी रस्त्यात दहा पावलं पुढे जायचो, दहा पावलं मागे यायचो. खिंडीकडून यायची ती गाडी टायर फुटून अडकली असेल का, घोटावड्यात कोणाची वरात आडवी आली असेल का, असं काय काय सुचत होतं. विलासची पिकअप तरी आता परत यायला हवी होती. तीही येत नव्हती. मला वाटलं, साधनाला बाजेसकट उचलून चालत निघावं. पण तिघांत दोन म्हातारी आणि समोर खिंड.

पावणेबाराला खिंडीकडून मोटारसायकल आली. दूध गोळा करणारा कोंडिबा, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो.

"आरं आबा, मरायचंय का?" तो ब्रेक दाबत ओरडला.

"कोंडिबा, वाटंत ॲम्ब्युलन्स दिसली का?"

"दिसली की. लेंडी ओढ्याच्या मोरीपाशी उभी व्हती. डायवर खाली उतरून दगडाकडं बघत व्हता आन डोकं खाजवत व्हता. म्हनलं लघवीला थांबला आसंल."

"कवा?"

"मी डेअरीवर गेलो, थोडा थांबलो... झाला आसंल अर्धा तास. का? कोनासाठी?"

मोरीपाशी. मोरीपाशी सहाचा दगड आहे. सहाच्या दगडाकडे तो का बघत बसेल?

मी वळलो आणि माझ्या शेजारच्या दगडाकडे पाहिलं. तासभर मी त्याला टेकून उभा होतो. रस्ता रुंद करताना जुना दगड काढून नेला होता आणि दसऱ्याच्या सुमारास ठेकेदाराच्या माणसांनी हा नवा बसवला. बसवताना मी घरातून पाहिलं होतं. नवा आहे, डोकं हिरवं आहे, छान आहे, इतकंच मनात आलं. जे पाठ असतं ते माणूस वाचायला जात नाही. त्यावर आकडा होता सहा.

मोजणी उलट धरली होती. पलीकडच्या टोकाला शून्य आणि फाट्याला सतरा. सतरातून अकरा गेले, सहा. आणि त्यांचा अकरा म्हणजे माझा सहा, लेंडी ओढ्याची मोरी, खिंडीच्या त्या अंगाला पाच किलोमीटर. तिथंही दगडाला लागून डाव्या हाताला एक वाट खाली उतरते. मी सांगितलं होतं तशीच.

"कोंडिबा, कॅन काढ."

"आं?"

"कॅन काढ आन मला मागं बसव. साधनाला पान लागलंय. मी गाडी भलत्या ठिकानी पाठवलीया."

त्यानं कॅन सोडवून रस्त्याकडेला ठेवले. एक आडवा झाला आणि दूध गटारात वाहायला लागलं, त्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मी खाली ओरडून सांगितलं, "जुईली, मी गाडी आनायला चाललोय! तिला पडून ऱ्हाऊ दे!" तिनं काय उत्तर दिलं ते मोटारसायकलच्या आवाजात कळलं नाही.

खिंडीतून उतरताना कोंडिबा एवढ्या जोरात चालवत होता की एरवी मी त्याला शिव्या दिल्या असत्या. मी मनात म्हणत होतो, असू दे तिथं, उभी असू दे. एवढा वेळ कोण थांबतं? दुसरा पेशंट असेल, दुसरा फोन आला असेल. ते म्हणाले असतील, कोणीतरी खोटा फोन केला.

मोरी आली. नवा दगड होता, अकराचा. गाडी नव्हती.

"गेली," कोंडिबा म्हणाला. "आता?"

 माझे डोळे आपोआप खाली गेले. तीस वर्षांची सवय. रुंदीकरणात बाजूपट्टीवर ताजा मुरूम टाकला होता, अजून दबलेला नव्हता. त्यावर चाकांच्या खुणा स्पष्ट होत्या. मोटारसायकलींच्या, एका ट्रॅक्टरच्या, आणि वर सगळ्यात ताज्या, रुंद, मागे जोडचाक नसलेल्या. त्या रस्त्यावर परत चढल्या नव्हत्या. डावीकडच्या वाटेनं खाली गेल्या होत्या आणि वर येणाऱ्या खुणा नव्हत्या.

"खाली हाय," मी म्हणालो. "खालीच हाय. उतर."

ती वाट पूर्वी नदीवर जायची. आता तिथं कोणीतरी फार्महाऊसचे प्लॉट पाडलेत. दोन वळणं उतरल्यावर लोखंडी फाटक, त्याला कुलूप, आत माणूस नाही. फाटकापुढे पांढरी ॲम्ब्युलन्स एका बाजूला कलंडून उभी होती. वळवायला गेली आणि मागचं चाक नव्यानं खणलेल्या गटारात गेलं. ड्रायव्हर चाकाखाली फांद्या घालत होता. गाडीच्या दारात एक तरुण डॉक्टरीणबाई फोन वर धरून रेंज शोधत उभी होती.

"तुम्हीच का फोन केला होता?" ड्रायव्हर माझ्यावर धावूनच आला. त्याचं नाव विश्राम, हे मागाहून कळलं. "अकरा नंबर, डावीकडची वाट, खाली घर! कुठंय घर? कुठंय पेशंट?"

"माझी चूक झाली. पेशंट पाच किलोमीटर पुढं हाय. खिंडीच्या पल्याड."

"मग खिंड सांगायची ना काका! खिंड कोणालाही कळली असती!"

"चावून किती वेळ झाला?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"दीड तास होत आला."

"रक्त येतंय कुठून?"

"हिरड्यांतून."

तिनं एकदा गाडीच्या चाकाकडे पाहिलं, एकदा कोंडिबाच्या मोटारसायकलकडे. आत जाऊन पिशवी घेऊन आली. "मी यांच्याबरोबर पुढे जाते. सलाईन लावून ठेवते. पण तिला दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागेल. विश्रामदादा, काढाच कशीही."

"बसा ताई," कोंडिबा म्हणाला. "घट्ट धरा. लाजू नका, वाटंत खड्डे लई हायेत." आणि ते गेले.

विश्राम गाडीत चढून ॲक्सिलेटर द्यायला लागला. चाक गरागरा फिरून आणखी खाली बसलं.

"बंद करा," मी म्हणालो. "जेवढं फिरवाल तेवढं जाईल."

"मग काय करू? पूजा करू?"

"उतरा आन दगड आना. ते बघा, भिंतीसाठी टाकल्यात. डोक्याएवढे घ्या. बारके नगं."

सोलिंग कशी करतात ते मला कोणी शिकवायला नको. मोठा दगड टोकदार बाजू खाली करून रोवायचा, दोन दगडांच्या फटीत लहान दगड ठोकून बसवायचा, वर खडी. एरवी मी हे काम निवांत केलं आहे, विडी ओढत. त्या दिवशी माझे हात दगड नीट धरत नव्हते. एक बोटावर पडला आणि नख फुटलं. विश्राम दगड आणून टाकत होता आणि दर खेपेला घड्याळ बघत होता. मी पोटावर पडून चाकाखालचा चिखल हातानं उकरत होतो आणि डोळ्यांपुढे साधनाची पोटरी होती. बाई किती पुढे गेली असेल? खिंड चढली असेल का? आणि घरी जाऊन तिला काय दिसेल? तो विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

"आता," मी म्हणालो. "दुसऱ्या गिअरमधी. हळू. एकदम दाबू नका."

पहिल्या वेळी चाक घसरलं. मी आणखी दोन दगड ठोकले. दुसऱ्या वेळी गाडी थरथरली, वर आली आणि रस्त्यावर उभी राहिली. विश्रामनं दार उघडून मला आत ओढलं.

खिंड चढताना त्यानं विचारलं, "काका, तो नंबर तुम्हाला कोणी सांगितला?"

"कोनी न्हाई. मीच रंगवायचो."

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "वरची दांडी धरा, वळण आलं."

घरी पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. साधना बाजेवर होती, हातात सुई, सलाईनची बाटली लीलाबाईनं वर धरली होती. साधनाचे डोळे मिटलेले.  मग तिनं डोळे उघडले आणि माझ्या चिखलानं भरलेल्या कपड्यांकडे पाहून म्हणाली, "आबा, तुमी कुटं लोळत व्हता?"

बोलताना तिचे दात लाल दिसत होते.

डॉक्टरीणबाईचं नाव मेधा. तिनं गाडीतूनच दवाखान्याला कळवलं, रेंज आली तसं. कैलासलाही फोन लागला. मी पुढे विश्रामशेजारी बसलो होतो आणि आमच्या रस्त्याचे दगड उलटे जाताना बघत होतो. सहा, सात, आठ. एकही दगड न वाचता सुटू दिला नाही. आता वाचून काय उपयोग होता?

दवाखान्यात त्यांनी साधनाचं थोडं रक्त काचेच्या नळीत काढलं आणि नळी उभी करून ठेवली. नर्सबाईंनी सांगितलं, वीस मिनिटं हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी वाकडी करून बघायची. रक्त गोठलं असेल तर विष भिनलेलं नाही. पातळ राहिलं तर भिनलंय.

कैलास कंपनीच्या कपड्यांतच आला होता. आम्ही दोघं दाराच्या काचेतून त्या नळीकडे बघत उभे राहिलो. वीस मिनिटांनी नर्सबाईंनी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहत गेलं.

"औषध सुरू करतोय," मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "उशीर झालाय. किडनीवर लक्ष ठेवावं लागेल. सहा तासांनी परत हीच तपासणी. तोवर काही सांगता येणार नाही."

ते गेल्यावर कैलास मला म्हणाला, "उशीर कशानं झाला? ॲम्ब्युलन्सवाल्यांनी केला का? मी बघतो त्यांच्याकडं."

"त्यांनी न्हाई केला."

"मग?"

"मी केला." आणि मी त्याला सगळं सांगितलं. दगड, आकडा, मोरी, फाटक. सांगताना मध्ये कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं सांगता आलं नसतं.

कैलास भिंतीला टेकून खाली बसला.  मी उभाच होतो. मला बसायचा हक्क आहे असं वाटत नव्हतं. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आकडा तुमास्नी कोनी इच्यारला व्हता का, का आपला मनानंच सांगितला?" तो शेवटी म्हणाला.

"मनानं. जुईली लोकेशन पाठवते म्हनत व्हती. तुजी आय म्हनत व्हती खिंड सांगा."

"आय म्हनत व्हती?"

"व्हय. मी तिला हातानं गप केलं."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आबा, साधना उटली न्हाई तर..." तो तिथंच थांबला. मीही ते वाक्य पुरं केलं नाही. आमच्या दोघांत ते वाक्य तसंच पडून राहिलं, चार तास, पाच तास. मध्ये नर्सबाई येऊन साधनाला लघवी झाली का बघून गेल्या. झाली नव्हती. मग झाली. त्यात रक्त होतं. कैलासनं मला विचारलं, म्हणजे काय? मला काय ठाऊक? विलास लीलाबाईला पिकअपमधून घेऊन आला. ती माझ्याशेजारी बसली आणि माझं फुटलेलं नख पाहून म्हणाली, "हे कशानं?" मी म्हणालो, दगडानं.  तिला अजून हिशेब लागलेला नव्हता.

आठ वाजत आले तेव्हा परत रक्त काढलं. परत नळी. नर्सबाईंनी घड्याळ बघून ती टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. आम्ही काचेपाशी गेलो. नळीतलं रक्त बाहेरून तर मघासारखंच दिसत होतं.

"आयला कळलं तर ती तुमास्नी जलमभर ऐकवनार," कैलास काचेतून नजर न काढता म्हणाला.

"ऐकवू दे."

"ऐकवू दे न्हाई. ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलनार."

वीस मिनिटं झाली. बाविसावं मिनिट लागलं. नर्सबाई आल्या, हात पुसले, नळी उचलली आणि कलती केली.

रक्त हललं नाही.

त्यांनी आणखी कलती केली, मग पार उलटी. ते तळाशी चिकटून तसंच राहिलं, घट्ट.

"गोठलंय," त्या म्हणाल्या. "औषध लागू पडतंय. किडनीचं दोन दिवस बघू, पण हे चांगलं झालं."

लीलाबाई मागून विचारत होती, "काय म्हनली? काय म्हनली ती?" 

कैलासनं दार ढकललं आणि आत डोकं घातलं. "बाई," तो म्हणाला, "परत एकदा उलटी करून दाखवा."

"अहो, दाखवली की."

"यांना दाखवा. आबांना. जवळनं."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नळी माझ्या डोळ्यांपुढे धरून परत उलटी केली.